कलम ७३ वाचवणाऱ्याला वाचवतं का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ वर लिहिताना आपण कलम ७३ एका ओळीत उरकतो: सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल दावा-खटला चालत नाही. झालं, संरक्षण आहे!

पण कलम नीट वाचा. काम ‘या कायद्याखालचं’ हवं, ही अट आहे. आता आपला पालघर-बोईसर पट्टा घ्या. पालघरला नगर परिषद, बोईसरला ग्रामपंचायत, तारापूर एमआयडीसीचं अग्निशमन दल वेगळं. ११ जानेवारी २०२० च्या कारखान्यातल्या स्फोटात इथे ८ जण गेले. म्हणजे धोका कागदी नाही.

समजा, आग लागली आणि नगर परिषदेचा बंब नुसत्या फोनवर हद्द ओलांडून गेला. कायद्याच्या व्याख्येत आपत्ती म्हणजे बाधित लोकांच्या आवाक्याबाहेरची घटना. आग दोन तासांत विझली, तर ती आपत्ती होती का? नसेल, तर कलम ७३ लागू होतं का?

दुसरी उणीव मोठी. हे कलम खटल्यापासून वाचवतं. जवान भाजला तर भरपाई कोणाची, यावर गप्प आहे. अमेरिकेतल्या राज्यांचा १९९६ चा मदत करार हे वेगळं ठेवतो: दायित्वापुरता जवान मदत मागणाऱ्या राज्याचा, भरपाई मात्र पाठवणाऱ्याची.

म्हणून संशोधनप्रश्न ‘संरक्षण आहे का?’ असा नको. कोणाला, कशापासून, कोणाच्या आदेशावर, असे तीन रकाने आखा. जो रिकामा राहील, तिथून प्रबंध सुरू होतो.