गिरवणे की वाचणे? : चित्रकथेच्या पानावरील पेन्सिल आणि शाई

'अमर चित्र कथे'विषयी नंदिनी चंद्रा (२००८), कार्लीन मॅक्लेन (२००९) आणि दीपा श्रीनिवास (२०१०) यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून या मालिकेकडे केवळ बालवाङ्मय म्हणून पाहणे अशक्य झाले आहे. राष्ट्रकल्पना, जात, स्त्रीप्रतिमा, मध्यमवर्गाची घडण या अंगांनी झालेली ही चिकित्सा मौलिक आहे. मात्र तिच्यात चित्राचा विचार बहुधा तयार प्रतिमा म्हणून होतो. प्रतिमेत काय दाखवले आहे हे वाचले जाते; ती ज्या रेषेने उभी केली आहे ती रेषा सहसा वाचली जात नाही. कादंबरीची समीक्षा तिच्या वाक्यांना स्पर्श न करता करावी, तसेच हे काहीसे आहे. प्रस्तुत लेखात ही उणीव एका मर्यादित जागी, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाई चढते त्या टप्प्यावर, तपासावयाची आहे.

या क्रियेला मराठीत स्वतःचा रूढ शब्द नाही. चित्रकारही 'इंकिंग'च म्हणतात. सामान्य माणसाला विचारले तर तो म्हणेल, 'पेन्सिलीवरून गिरवतात.' हा शब्द पाटीवरच्या धुळाक्षरांतून आलेला आहे. अक्षर आधीच सिद्ध असते, मुलाच्या हाताने फक्त त्याच वाटेने जायचे असते. चित्रकथेतील शाईकाम असेच असेल, तर त्यात समीक्षेला करण्यासारखे काही उरत नाही. परंतु ते तसे नाही, आणि याचे कारण प्रथमतः तांत्रिक आहे.

पेन्सिल करड्या रंगात बोलते. एकाच खांद्यासाठी ती चार रेघा ओढते आणि त्यांपैकी खरी कोणती हे सांगत नाही. हात दाबला की गडद, सैल सोडला की फिकट. छपाईच्या जुन्या तंत्राला ही भाषा कळत नसे. रेखाचित्राचे छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढे दोनच गोष्टी असत, काळे आणि पांढरे. म्हणूनच फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चे रेखाटन करण्याची पद्धत पडली, कारण त्या फिल्मला निळा दिसत नसे. पान छापील आकाराहून मोठे काढून मग लहान केले जाई. त्यात दोन बारीक रेघांमधली फट बुजून डाग होण्याचा धोका असे, आणि हलका कागद शाई पिऊन रेघ आणखी जाड करी. शाईचा टाक किंवा ब्रश हातात घेणाऱ्याला हे सर्व आधीच मोजावे लागे. चार रेघांपैकी एक निवडायची, करड्या सावलीचे काय करायचे ते ठरवायचे: तिथे सपाट काळा भरायचा, समांतर छटारेषा ओढायच्या, की ती सरळ सोडून द्यायची? संदिग्ध संहितेतून एक अर्थ निश्चित करणे यालाच आपण वाचन म्हणतो. शाईकाम हे पेन्सिलीचे पहिले वाचन होय, आणि पुढच्या सर्व वाचकांना तेवढेच उपलब्ध होते.

श्रमविभागणी जिथे पूर्ण झाली त्या अमेरिकेत याचा पडताळा सहज मिळतो. १९६०च्या दशकात जॅक कर्बी यांच्या पेन्सिलींवर 'फॅन्टॅस्टिक फोर'मध्ये जो सिनॉट आणि 'थॉर'मध्ये व्हिन्स कोलेटा शाई चढवीत. सिनॉट यांच्या ब्रशाखाली कर्बींचे देह घडीव, चकचकीत, यंत्रासारखे होतात. कोलेटा यांच्या बारीक टाकाखाली तेच देह जुन्या कोरीव मुद्राचित्रांतल्यासारखे तंतुमय वाटतात. शिवाय वेळ वाचवण्यासाठी कोलेटा पार्श्वभूमीतील माणसे व इमारती खोडून टाकीत किंवा त्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या करीत. जिथे पेन्सिल-पानांच्या छायाप्रती उरल्या आहेत तिथे ही काटछाट दाखवता येते. 'थॉर'च्या जगातील जो पुराणकालीन विरळपणा अनेकांना आवडतो, त्याचा काही भाग या घाईतून आला आहे! कर्त्याच्या हेतूचा शोध घेणाऱ्या समीक्षकाने येथे थोडे थांबावे.

महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत अकराव्या क्रमांकाच्या 'कृष्ण'पासून भारतीय कथांना आरंभ झाला. तो अंक राम वाईरकरांनी काढला. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, विटणकर अशी मराठी नावे मालिकेत एकामागून एक येतात. श्रेयनामावलीत लेखक आणि चित्रकार असे दोनच मानकरी असतात. शाईचा वेगळा उल्लेख सहसा नसतो. म्हणजे पेन्सिल आणि शाई एकाच नावाखाली नांदतात. मग वाचणारा आणि लिहिणारा एकच झाल्याने वरील भेद मावळतो काय? मला तसे वाटत नाही.

वाईरकरांचेच उदाहरण घ्यावे. 'कृष्ण' आणि 'टिंकल'मधील सुपंदी (१९८३) या दोन्ही आकृती त्यांच्या हातच्या. सुपंदीची रेषा लवचीक, जाड-बारीक होणारी आणि पटकन वळणारी आहे. मूर्खपणाचा वेग तिच्यात उतरला आहे. पौराणिक अंकांतील रेषा संथ आहे. एकाच माणसाच्या पेन्सिलीला दोन शाया सुचतात. याच पौराणिक अंकांत, आणि मालिकेत सर्वसाधारणपणे, छटारेषांचे वाटप पाहण्यासारखे आहे. देव आणि नायक यांच्या चेहऱ्याची बाह्यरेषा बहुधा एकसंध असते, आतला देह जवळजवळ रिकामा ठेवलेला असतो. असुराच्या वा खलपुरुषाच्या अंगावर मात्र स्नायू, सुरकुत्या, दाट भुवया यांच्या रेघांची गर्दी होते. गोऱ्या-काळ्या रंगाच्या राजकारणाची चर्चा टीकाकारांनी पुष्कळ केली आहे. परंतु रंग भरला जाण्यापूर्वीच कोणाच्या देहाला सावली पडणार आणि कोण निष्कलंक राहणार याचा निर्णय शाईने दिलेला असतो. पुढच्या आवृत्तीत रंग बदलता येतो; ही रेघ सहसा बदलत नाही. विचारसरणीची चिकित्सा करू पाहणाऱ्यांनी रेषेपर्यंत उतरावे असे म्हणण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

मुळीकांची प्रकृती निराळी. काळ्याचे मोठे पट्टे, वस्त्रांच्या घड्या, शरीररचनेचे भान ही त्यांची वैशिष्ट्ये. अमिताभ बच्चन यांना नायक केलेल्या 'सुप्रीमो'तही (१९८३) ती दिसतात आणि राज कॉमिक्सच्या 'नागराज'मध्येही. हळबे यांच्या शिकारी शंभूबद्दल अधिक सांगण्यासारखे आहे. त्याचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले. व्यंग्यचित्रातला भाव बहुतेक डोळ्यांवर चालतो; इथे तो टोपीच्या कडेच्या एका वक्ररेषेला, मिशीला आणि गुडघ्यांच्या कोनाला वाहावा लागतो. मर्ढेकरांनी सांगितलेला विरोधलय पाहायचा तर त्या टोपीची जाड कड आणि तिच्याखालचा कोरा कागद यांत पाहावा. हळबे यांच्यानंतर सॅव्हियो मस्कारेन्हस यांनी शंभू काढला, वाईरकरांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुपंदी पुढे चालवला. पात्र ओळखू येते ते टोपीमुळे, पण अनोळखी हाताची चाहूल लागते ती रेघेच्या जाडीत.

श्रेयाच्या बाबतीत हिंदीतील राज कॉमिक्स अधिक प्रामाणिक ठरले. अनुपम सिन्हांच्या चित्रांखाली 'इंकिंग' असा स्वतंत्र उल्लेख करून विनोद कुमार, विठ्ठल कांबळे ही नावे छापली जात. तिथले वाचक या नावांवरून पानाचा पोत ओळखू लागले. समीक्षेच्या आधी वाचकांनी हे केले, हे नोंदवायला हवे.

आपल्याकडे पाठचिकित्सेची परंपरा मोठी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आज आपल्या हाती येणाऱ्या ज्ञानेश्वरीत किती ज्ञानदेव आणि किती एकनाथ, या प्रश्नावर विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत. चित्रकथेच्या पानालाही असे थर आहेत: संहिता, पेन्सिल, शाई, अक्षरलेखन, रंग, पुनर्मुद्रण, आणि मराठी आवृत्तीत इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेल्या फुग्यात बसवलेले मराठी वाक्य. फरक एवढाच की येथे मूळ प्रत गहाळ होत नाही, ती कामाच्या रीतीनुसार नष्ट केली जाते. शाई वाळली की खोडरबर फिरतो. पुसलेल्या खुणेविषयी बोलताना देरिदांना बोलावण्याचा मोह होतो, पण इथला खोडरबर रूपक नाही, टेबलावरची वस्तू आहे. तिरप्या प्रकाशात मूळ पान धरले तर पेन्सिलीचा दाब कागदात उमटलेला कधी दिसतो. छापील अंकात तो कधीच दिसत नाही.

संगणकावर काढणाऱ्या आजच्या चित्रकाराची पेन्सिल वेगळ्या थरात राहते, ती पुसावी लागत नाही. पण फाइल जपली तर ती उरेल, आणि सध्या जपले जाते ते बहुधा अंतिम चित्र. कागदावरच्या पानांसाठी तर वेळ आणखी कमी आहे. त्या पिढीचे जे चित्रकार हयात आहेत, त्यांच्या घरी आणि प्रकाशकांच्या कपाटांत जी मूळ पाने असतील, त्यांची सूची करणे, त्यांची पाठीमागच्या टिपांसह छायाचित्रे घेणे आणि कोणत्या चौकटीत कोणाचा हात आहे हे त्यांच्याकडूनच विचारून घेणे, एवढे काम एखाद्या विद्यापीठीय मराठी विभागाला दोन-तीन वर्षांत करता येण्याजोगे आहे.