'पायोनियर गर्ल' : एका अमेरिकन वसाहतवाल्याच्या कुलवृत्तांताचें परीक्षण

कुलवृत्तांत लिहिणारा बहुधा त्याच कुलांतला असतो. त्यामुळें घराण्याविषयींची माया व इतिहासाचें सत्य यांचा तंटा अशा लेखनांत पदोपदीं आढळतो. अमेरिकेंतील चार्ल्स फिलिप इंगल्स या वसाहतवाल्याच्या घराण्याचा वृत्तांत हें याचें उत्तम उदाहरण होय. विषय दूरदेशचा खरा, परंतु हस्तलिखितांच्या संग्राहकांस त्यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे, म्हणून तो येथें मांडीत आहों.

चार्ल्स न्यूयॉर्क संस्थानांत १८३६ सालीं जन्मला व दक्षिण डाकोटांतील डी स्मेट गांवीं १९०२ सालीं वारला. मधल्या काळांत विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा व डाकोटा असें त्याचें बिऱ्हाड फिरत राहिलें. त्याची दुसरी कन्या लॉरा (जन्म १८६७) हिनें १९३० च्या सुमारास आपल्या आठवणी आंखीव वह्यांत पेन्सिलीनें लिहून काढिल्या. हें बाड कोणीहि प्रकाशकानें घेतलें नाहीं. मग त्याच सामग्रीवरून तिनें मुलांसाठीं कादंबऱ्या रचिल्या; पैकीं 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही १९३५ सालीं निघाली. मूळ बाड पामेला स्मिथ हिल यांनीं सटीप संपादिलें व तें २०१४ सालीं 'पायोनियर गर्ल' या नांवानें प्रसिद्ध झालें.

बखर व अस्सल कागद यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. कादंबरी ही येथें बखरीच्या स्थानीं आहे. तींत कुटुंब विस्कॉन्सिन सोडून कॅन्ससला निघतें तेव्हां धाकटी बहीण कॅरी आईच्या मांडीवर आहे व लॉरा जाणती आहे. परंतु घरांतील बायबलावरील नोंदीप्रमाणें कॅरी ३ ऑगस्ट १८७० रोजीं कॅन्ससांतील माँटगोमेरी परगण्यांतच जन्मली. म्हणजे लॉरा त्या समयीं तीन वर्षांची होती, व १८७१ च्या वसंतांत कुटुंब परतलें तेव्हां चार वर्षांची. मूळ बाडांत हा क्रम यथार्थ आहे. कादंबरींत तो उलटला. पाहिलेलें म्हणून जें तिनें सांगितलें, त्यांतील बराचसा भाग दृष्ट नसून आईबापांकडून श्रुत आहे, हें यावरून उघड होतें.

श्रुत म्हणून सर्वच त्याज्य, असें मात्र नव्हे. घर इंडिपेंडन्स गांवापासून चाळीस मैल, असें कादंबरी म्हणते; १८७० च्या खानेसुमारीवरून शोध घेतां तें सुमारें तेरा मैलांवर ठरलें. उलट, हिंवतापांत कुटुंबाची शुश्रूषा करणारे कृष्णवर्णी वैद्य डॉक्टर टॅन हे कल्पित वाटतात, तर त्यांची नोंद त्याच खानेसुमारींत मिळते. ओसेज नायकाचें 'सोल्दा द्यू शेन' हें नांव लॉरेला १९३३ सालीं केलेल्या चौकशीच्या उत्तरांत कळलें. त्या नांवाचा माहीत असलेला नायक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा. १९३७ सालीं डेट्रॉइट येथील भाषणांत तिनें बेंडर नामक खुनी कुटुंबाच्या शोधाशीं आपल्या पित्याचा संबंध जोडिला. पण ते खून १८७३ सालीं उघडकीस आले, व इंगल्स मंडळी त्यापूर्वींच कॅन्सस सोडून गेली होती. असा मजकूर आम्ही प्रक्षिप्त समजतों.

जें गाळलें तेंहि पाहिलें पाहिजे. १८७५ सालीं जन्मून पुढील वर्षीं नऊ महिन्यांचा होऊन वारलेला भाऊ, आयोवांतील बर ओक गांवची हलाखी व तेथून कर्जापायीं रातोरात निघणें हें सर्व बाडांत आहे, कादंबऱ्यांत नाहीं. कादंबरीकर्त्रीस आम्ही दोष देत नाहीं. तिनें मुलांसाठीं लिहिलें. दोष तिच्या कथेस इतिहास मानणारांचा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जमिनीच्या हक्काचा. चार्ल्सनें घर बांधिलें तें ओसेज लोकांच्या राखीव मुलखांत. ओसेजांस तेथून हलवून ती जमीन वसाहतवाल्यांस एकरीं सव्वा डॉलरनें विकण्याचा कायदा १५ जुलै १८७० रोजीं झाला, घर त्यापूर्वींचें. सरकारी फौज हुसकावील म्हणून कुटुंब निघालें, असें कादंबरी सांगते. प्रत्यक्षांत ओसेजांसच मुलूख सोडावा लागला. आणि विस्कॉन्सिनांतील शेत घेणाऱ्याकडून पैसे न आल्यानें तें शेत चार्ल्सकडे परत आलें. घराण्याच्या स्मृतीनें अन्याय कोणावर झाला हेंच फिरविलें आहे. १९३५ च्या आवृत्तींत त्या प्रदेशांत माणसें नव्हतीं, केवळ इंडियन राहत, अशा अर्थाचें वाक्य होतें. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ सालीं 'माणसें' या जागीं 'वसाहतवाले' असा पाठ घातला गेला. सुधारणा योग्यच, तथापि मूळ पाठ ज्या प्रतींत आहे ती प्रत संग्राहकानें जपावी, कारण तो त्या मनोवृत्तीचा पुरावा आहे.

हिल यांच्या टीपा परिश्रमपूर्वक लिहिलेल्या असून कागदोपत्रीं आधार जागोजाग दिला आहे. न्यून एवढेंच कीं, बाडाच्या नंतरच्या टंकलिखित प्रतींचे पाठ केवळ टीपांतून कळत. २०२१ सालीं नॅन्सी टिस्टॅड कूपल यांनीं त्या तीन प्रती समोरासमोर छापून हें न्यून भरून काढिलें. अभ्यासकानें दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावे.

जन्ममृत्यूच्या चार ओळी बायबलाच्या पानावर राहिल्या, म्हणून एवढा निर्णय शक्य झाला. आमच्याकडील जुन्या पोथ्यांच्या कोऱ्या पानांवरहि अशा नोंदी असतात. पोथी जीर्ण म्हणून टाकण्यापूर्वीं तीं पानें उतरून घ्यावीं, एवढीच संग्राहकांस आमची विनंती आहे.