साथीतल्या मोकळ्या जागा

गेल्या दिवाळीत माझा भाचा गिटार घेऊन आमच्याकडे राहायला आला. फराळाच्या बशा उचलल्या जाण्याआधीच त्याने बैठकीत तारा जुळवायला घेतल्या, तेव्हा त्याच्या मामीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन न केलेलेच बरे. ‘मामा, हे ऐका. जिमी हेंड्रिक्सचं लिटल विंग,’ तो म्हणाला. मी जन्मभर पेटी वाजवलेला माणूस. गिटारची साथ म्हणजे सहा तारा एकदम खाली-वर झोडपीत राहणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एकच वाद्य ताल धरीत होते, कॉर्ड सांभाळीत होते, आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाता जाता मधल्या फटीतून एखादी इवलीशी सुरावट डोकावून परत जात होती. कपाळाला आठ्या घालायचे मी विसरलो.

ही सुरावट येते कुठून? ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी करून पाहावे. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प हे तीन स्वर एकत्र. त्यांत रे आणि ध मिळवले की भूपाचे स्वर झाले. गिटारवाले जिला पेंटाटॉनिक म्हणतात ती ही पाच स्वरांची पंगत. आपल्या अगदी घरची. वादक कॉर्ड धरून ठेवतो आणि एखादे मोकळे बोट तारेवर आपटून रे वरून ग वर येतो, किंवा प वरून ध ला शिवून परततो. घर न सोडता अंगणात पाऊल टाकून यावे, तसे. मायनर कॉर्डमध्ये ग कोमल असतो. तिथे म आणि कोमल नि मिळवले की धानीचे स्वर होतात. गंमत अशी की पांढरी एकचा भूप आणि पांढरी सहाची धानी यांच्या पट्ट्या त्याच पाच आहेत. केवळ सा हलला.

आणि हा सा हलणे, हीच आपल्या कानांना खुपणारी गोष्ट. तंबोऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याला एक षड्ज म्हणजे एक छप्पर. इथे प्रत्येक कॉर्डबरोबर छप्पर बदलते, आणि भरीचे स्वरही त्या त्या कॉर्डच्या घरातून घ्यावे लागतात. म्हणून यास भूप म्हणू नये. भूपाचे स्वर म्हणावे. रागाचा विस्तार इथे शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि ती निराशा त्याने स्वतःच ओढवून घेतलेली असेल.

भाच्याने हेंड्रिक्स ऐकवला खरा, पण मला अधिक ओढ लागली ती कर्टिस मेफील्डची. नाव होण्यापूर्वी हेंड्रिक्स साथीची कामे करीत हिंडत होता, त्यांत मेफील्डच्या ‘इंप्रेशन्स’ या मंडळींबरोबरचा एक दौराही होता. मेफील्ड शिकागोचा, १९४२ चा जन्म, आजीच्या प्रार्थनामंदिरात गाऊन तयार झालेला. गिटार त्याला कोणी शिकवली नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर त्याचा हात बसला होता. तेव्हा त्याने गिटारच्या तारा सरळ त्या पट्ट्यांना जुळवल्या आणि जन्मभर तशाच ठेवल्या. काळी तीन हा सा धरला तर त्याच्या सहा मोकळ्या तारा म्हणजे सा, ग, प, सा, ग, सा. आता पेटीवरच्या पाचही काळ्या काळी तीनपासून वाजवा. भूप! ज्या सुरावटींसाठी इतरांना बोटे शोधावी लागतात, त्या या माणसाच्या वाद्यात जुळवणीपासूनच वस्तीला होत्या.

१९६५ चे ‘पीपल गेट रेडी’ ऐकावे. तीन गळे एकमेकांना धरून गातात. गिटार मागे, हलकी. ओळ संपते, गायक श्वास घेतो, आणि दोन तारांवर एक लहानसा बोल उमटून जातो. पुढचा शब्द येण्याआधी तो नाहीसाही होतो. ‘लिटल विंग’ १९६७ चे, अडीच मिनिटांच्या आतले. त्यात गळा सुरू होण्यापूर्वी कॉर्डांची सबंध फेरी गिटार वाजवते, आणि तिथे ती भरगच्च आहे. असायलाच हवी, कारण तिथे तीच गाते. हेंड्रिक्सचा अंगठा गिटारच्या मानेवरून वळून खर्जाची तार धरतो, त्यामुळे बाकीची बोटे मोकळी राहतात. गाणे आले की हाच हात शब्दांना वाट देतो. शेवटचे एकलवादन मला तितके भावत नाही. पण ती पहिली फेरी! भाचा तीच वाजवत होता, आणि त्याचा दोषही तिथेच होता. सुरावटीच्या नादात कॉर्ड हातातून सुटे, लय मागे राही. मी मांडीवर ठेका धरला तसा तो लाजला.

त्याला बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गायिकेच्या साथीला मी बसलो होतो. नाट्यपदे होती, माझा हात चांगला चालत होता. बाईंनी श्वास घेतला की मी जागा भरायचो. सगळ्या भरल्या, एक सोडली नाही. श्रोत्यांतून दोनदा वाहवाही आली. मध्यंतरात चहाचा कप खाली ठेवून बाई शांतपणे म्हणाल्या, ‘गाणं माझं आहे ना? मग मला जरा थांबू द्या की.’ त्यांनी पुन्हा मला बोलावले नाही. तेव्हा मला तो मत्सर वाटला होता.

भाच्याला ही हकीकत सांगितली. मग मी एक जुने भावगीत धरले आणि त्याला साथ करायला लावले. पहिल्या कडव्यात त्याने माझेच पाप केले. दुसऱ्यात मी म्हटले, एक सोडून एक जागा भर. तिसऱ्यात तो आपणहून दोनदाच बोलला, आणि माझा बेसूर होत चाललेला गळाही जरा ऐकण्याजोगा वाटू लागला. मामी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली होती.

१९९० साली ब्रुकलिनमधल्या एका उघड्या कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा कोसळून मेफील्ड मानेखाली लुळा झाला. गिटार कायमची सुटली. १९९६ ची ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ त्याने उताणे पडून, एकेक ओळ गाऊन पुरी केली. १९९९ मध्ये तो गेला. तिच्यात साथ आहे, वादकही जाणते आहेत. पण ओळ संपते, तो श्वास घेतो, आणि माझा कान त्या दोन तारांची वाट पाहत राहतो.