पालघटीच्या चौकासमोर ‘लज्जागौरी’

जव्हार-मोखाड्याकडच्या वारली पाड्यांवर लग्नघरातलं पहिलं मोठं काम भिंतीवर होतं. कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात फिरवायचा, तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवायची आणि सवाशिणींनी चौक काढायला बसायचं. कडेने त्रिकोणांच्या, साखळ्यांच्या पट्ट्या. आत चंद्र-सूर्य, फणी, शिडी. आणि मधोमध पालघट, झाडापेरांची, वाढीची, जन्माची देवी. ती चौकात आल्याशिवाय लग्न लागत नाही. तिला गाण्यातून बोलवायचं ते धवलेरीने, आणि धवलेरीची विद्या एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानात जाते. बाजूच्या लहान चौकात पाचशिऱ्या असतो. कधी उभा, कधी घोड्यावर. त्याला मुंडकं नसतं, मानेतून पाच कणसं फुटलेली असतात.

डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा १९७८ सालचा ग्रंथ या भिंतीची आठवण जागी ठेवून वाचावा, असं मला मनापासून वाटतं. ग्रंथात प्राधान्याने दगडातल्या आणि मातीतल्या मूर्ती आहेत, कर्नाटक-आंध्रातली देवळं आहेत, पुराणं आणि कोश आहेत. पण ढेरे जो प्रश्न धरून बसले आहेत, तो आमच्याकडच्या चौकातही जागच्या जागी उभा आहे.

ती मूर्ती आधी नीट पाहू. बदामीजवळच्या महाकूट इथली लज्जागौरी आता बदामीच्या संग्रहालयात आहे. देह उताणा, गुडघे दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले, प्रसूतीच्या वेळी असतात तसे. हात कोपरात वळून वर आलेले, हातांत कमळं. आणि डोक्याच्या जागी उमललेलं कमळ. अशाच देवीच्या लहान प्रतिमा आपल्या तेरच्या मातीतूनही निघाल्या आहेत. अभ्यासकांना ही मूर्ती बराच काळ अवघड गेली. ह. धी. सांकलियांसारख्या थोर पुरातत्त्वज्ञाने १९६० साली तिच्यावर विस्ताराने लिहिलं, तेव्हा त्यांच्या इंग्रजी लेखाच्या नावातच ‘निर्लज्ज स्त्री’ या अर्थाचे शब्द होते.

ढेरे या ठिकाणी थांबतात आणि नजर वळवतात. हा देह कामुक नाही, तो प्रसवणारा आहे. आणि प्रसवणारी ही बाई म्हणजे भूमी आहे, हे ते आपल्याला पायरीपायरीने दाखवतात. गोव्या-कोकणात सातेरी म्हणून पुजलं जाणारं वारूळ ते समोर आणतात, ते भूमीचं गर्भद्वार. मग कुंभ येतो, तो तिचं उदर. मग रेणुका-यल्लमा. माहूरला देवीचा फक्त मुखवटा पुजतात आणि इकडे शिर नसलेली धडं पुजली जातात, हे दोन्ही एकत्र ठेवल्यावर परशुरामाने आईचं शिर उडवल्याची कथा वेगळीच दिसू लागते. मूर्ती आधीची, कथा नंतरची. मूर्तीचा अर्थ विसरलेल्या लोकांनी तिला डोकं का नाही याचं उत्तर म्हणून कथा रचली. हा युक्तिवाद वाचताना अंगावर काटा येतो, कारण आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत जागा बदलते.

या मांडणीची खरी गोडी पुराव्यांच्या पंगतीत आहे. पुराणातला श्लोक, शिलालेख, स्थळमाहात्म्य, जोगतिणीचं गाणं, बायकांची ओवी: ढेऱ्यांच्या पानावर या साऱ्यांना एकाच ओळीत पान मांडलेलं असतं. ओवी तिथे सजावटीला येत नाही, साक्षीला येते. १९३० साली आंदर मावळातल्या निगडे गावी जन्मलेला, आईवडिलांविना वाढलेला हा माणूस. मावळही आमच्यासारखाच सह्याद्रीचा पावसाळी पट्टा, भातखाचरांचा, शेंदूर माखलेल्या तांदळ्यांचा. ‘नाथसंप्रदायाचा इतिहास’ आणि ‘खंडोबा’ ही पुस्तकं त्यांनी तिशीच्या आसपास लिहिली. मठांत आणि बाडांत पडून राहिलेल्या रचना शोधल्या, संपादून छापल्या. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१६ च्या जुलैत ते गेले. नाथ, दत्त, शाक्त, कौल या वाटांवरची साधना म्हणजे आतल्या गोटातल्यांची विद्या. तिच्याकडे ते ना भक्ताच्या भारावलेपणाने गेले, ना सुधारकाच्या नाराजीने. ज्याची इतरांना किळस आली, त्यासमोर ते आदराने बसले. मराठी संशोधनात हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

एक तक्रार मात्र आहे. साम्य दिसलं की ढेरे दोन देवींना फार लवकर एका कुळात बसवतात. एका दैवताच्या नावावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जाताना त्यांचा वेग असा वाढतो की मधलं गाव, तिथली जात, तिथली शेती मागे पडते. त्यांचंच बोट धरून कोणी पालघटीला रेणुकेची बहीण ठरवलं, तर मी हात आखडता घेईन. पालघटीला देऊळ नाही. पुजारी नाही. लग्नापुरती ती भिंतीवर येते, आणि पुढच्या लग्नाला दुसऱ्या भिंतीवर नव्याने लिहिली जाते. मूर्तीसारखी ती शतकानुशतकं टिकून राहत नाही, आणि तिची गाणी पुराणांच्या छायेत वाढलेली नाहीत. सत्तरच्या दशकापासून वारली चित्रं कागदावर आली, पुरुष चितारू लागले, २०१४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लग्नाचा चौक मात्र सवाशिणींचाच राहिला आहे. त्याला त्याच्याच जागी, त्याच्याच नात्यांत वाचायला हवं.

असं असूनही ढेऱ्यांच्या सिद्धान्ताला सगळ्यात भक्कम आधार मला याच चौकात दिसतो. पाचशिऱ्याकडे परत बघा. त्याची मान कोणी उडवल्याची खूण चित्रात नाही. शस्त्र उगारलेला मुलगा नाही, रागावलेला बाप नाही, रक्त नाही. बीज म्हणून जमिनीत गेलेला दाणा दाणा म्हणून उरत नाही, त्यातून कणीस वर येतं, हे नाचणी-वरीवर जगणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. महाकूटच्या शिल्पात मानेवर कमळ आहे, इथे कणसं आहेत. शिर नसणं ही शिक्षा नसून उगवण्याची रीत आहे, ही गोष्ट ढेऱ्यांना परशुरामाच्या कथेचे थर एकेक करून उचलत सिद्ध करावी लागली. आमच्या बायका ती कथेवाचून काढत आल्या आहेत.