कौटुंबिक पत्रांचा मायना

कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ सालीं आरंभिलेल्या ऐतिहासिक लेखसंग्रहाचे भाग नुकतेच पुन्हां चाळले. पटवर्धनांचें हें दप्तर आपण राजकारणाचें म्हणून वाचतों. वस्तुतः तें एका घरचें आहे. हरभटांच्या पुत्रांपासून पुढें पिढ्यान्‌पिढ्या चुलता पुतण्यास, भाऊ भावास लिहितो, आणि बरेंचसें छावणींतून. १७७७ सालीं सावशीच्या लढाईंत कोन्हेरराव पडले. पांडुरंगराव जखमी होऊन हैदराच्या हातीं लागले व त्याच सालीं श्रीरंगपट्टणास कैदेंत वारले. राजकारणाच्या दृष्टीनें ही एक हार. घरांत मात्र एका वर्षांत दोन कर्ते पुरुष गेले.

शास्त्रीबोवांचें निवेदन इतकें रसाळ आहे कीं वाचक पत्रें सोडून तेंच वाचीत बसतो. हा दोष वाचकाचा. आमची तक्रार आहे ती छापील संग्रहांत सामान्यतः रूढ झालेल्या एका प्रघाताविषयीं: मायना व शेवट गाळून 'मजकूर' तेवढा छापणें. मोडी पत्रावर पुष्कळदां चंद्र व महिना असतो, साल नसतें. अशा वेळीं 'तीर्थरूप' कीं 'चिरंजीव', शेवटीं 'हे आशीर्वाद' कीं 'हे विनंति', यांवरूनच लिहिणाराची घरांतील पायरी कळते. स्त्रीच्या नांवामागील 'वज्रचूडेमंडित' जाऊन 'गंगाभागीरथीसमान' आलें, कीं मधल्या काळांत काय घडलें तें उघड आहे.

तरी मायना पंचांगाप्रमाणें वापरूं नये. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनीं तें मानलें नाहीं. १७७६ सालीं तोतयाचें पारिपत्य झालें, तरीहि १७८३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या सुवासिनीच राहिल्या. त्यांच्या नांवें सौभाग्याचा मायना असलेलें सालावांचूनचें पत्र हातीं आल्यास उतावळा संपादक तें पानिपतापूर्वीं ढकलील आणि वीसवीस वर्षांनीं चुकेल. रणांत काय झालें हें मायना सांगत नाहीं. घरानें काय खरें धरलें तें सांगतो. ही साक्ष दुसऱ्या कोणत्या कागदांत मिळावयाची?

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं मुंज, औषध, उसनवार यांचे कागद 'खाजगी' म्हणून निराळे काढण्यापूर्वीं प्रत्येकाचा मायना, शेवट व पाठीवरचा पत्ता अक्षरशः नकलून ठेवावा, आणि कोणतें पत्र कोणत्या रुमालांत कोणत्या पत्राशेजारीं होतें तेंहि टिपावें.