‘लग्नगडी’ या शब्दाची साक्ष

कर्जत-खालापूर भागातील ठाकूर व कातकरी वाड्यांवर बोलीची सामग्री जमविण्यास जाणारा विद्यार्थी शब्दसंग्रहाची वही बरोबर नेतो. त्याने गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तकही न्यावे, असे मला वाटते. उत्तरेकडील डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ पासून वेठीविरुद्ध केलेल्या उठावाची ही हकीकत एका साम्यवादी पुढारी स्त्रीने लिहिली आणि १९७२ साली साहित्य अकादमीने गौरविली.

‘लग्नगडी’ हा त्या जीवनातील शब्द पाहावा. लग्नासाठी कर्ज काढून धनकोच्या घरी राबणारा वारली, हा त्याचा अर्थ. समासाचा विग्रह व्याकरण करील. त्यामागील व्यवहार समजण्यास मात्र असे पुस्तकच हवे. मुंबईत साक्षरतेचे कार्य करून आलेल्या लेखिकेस येथे निराळा क्रम दिसला. आधी भय गेले, मग वाचा फुटली; अक्षर त्यानंतरचे. तलासरीचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते, ही त्या क्रमाचीच परिणती होय.

उणीव एकच, पण मोठी आहे. निवेदन प्रमाण मराठीत व लेखिकेच्या दृष्टीतून चालते. वारल्याने स्वतःच्या बोलीत सांगितलेली हकीकत अशी ती नव्हे. कार्यकर्तीच्या आत्मकथनास ही मर्यादा असणारच. आपल्या विद्यार्थ्यांनी ती पत्करण्याचे कारण नाही. कर्जतच्या वाडीत ‘याला काय म्हणता?’ एवढे विचारून परतू नये. तो शब्द कोणी, कोणापुढे आणि केव्हा उच्चारला, हेही टिपावे.