गोळी 75 ची की 88 ची?

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बहुतेकांकडे एक ‘माझा आकडा’ असतो. टीएसएच दोनच्या खाली असलं की मी बरी असते, तीनच्या पुढे गेलं की जीव घाबरा होतो, रात्री दोनला जाग येते, उगाचच काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. हे मी मावशीकडून ऐकलंय, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीकडून ऐकलंय आणि डॉक्टरांसमोर बसून स्वतःही म्हटलंय. त्यामुळे आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चक्क राग आला होता.

पेपर 2018 चा. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल एंडोक्रायनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम’मध्ये आलेला, अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या मेरी सॅम्युअल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी 138 जण घेतले. सगळे आधीपासून लेव्होथायरॉक्सिनवर आणि सगळ्यांचं टीएसएच नॉर्मल. मग त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाचं टीएसएच 0.34 ते 2.50 मध्ये ठेवायचं, दुसऱ्याचं 2.51 ते 5.60 मध्ये, आणि तिसऱ्याचं मुद्दाम थोडं वाढू द्यायचं, 5.61 ते 12 पर्यंत. दर सहा आठवड्यांनी रक्त तपासून डोस बदलायचा, पण कोणाचा डोस वाढला, कोणाचा घटला हे ना रुग्णाला सांगायचं, ना त्याची चाचणी घेणाऱ्याला. सहा महिन्यांनी जीवनमान, मनःस्थिती, स्मरणशक्ती, सगळं पुन्हा मोजलं.

गटांमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही. काही ठिकाणी किरकोळ फरक दिसले, पण इतक्या गोष्टी एकदम मोजल्या की एखाददुसरा फरक नशिबानेही दिसतो. त्याचा हिशेब धरल्यावर तेही गेले. तिसऱ्या गटाचं सरासरी टीएसएच साडेनऊच्या आसपास होतं, हे लक्षात घ्या. माझा रिपोर्ट साडेनऊ आला असता तर मी त्या रात्री झोपले नसते.

खरी मेख पुढे आहे. शेवटी सगळ्यांना विचारलं, तुमचा डोस वाढवला होता की कमी केला होता? त्यांना ओळखता आलं नाही. पण आपला डोस वाढलाय असं ज्यांना *वाटलं*, त्यांना तो डोस जास्त आवडला, मग प्रत्यक्षात तो वाढलेला असो वा नसो. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये वॉल्श आणि सहकाऱ्यांनी 56 जणांवर असाच प्रयोग केला होता. तिथेही डोसच्या छोट्या बदलांनी लक्षणांत मोजता येईल असा फरक पडला नव्हता.

आता माझी गोष्ट. मी हट्टाने 75 ची गोळी 88 करून घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं होतं, “अगं, केवढा फरक पडलाय!” तिसऱ्या दिवशी! थायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धआयुष्य साधारण सात दिवसांचं आहे. म्हणजे डोस बदलल्यावर तीन दिवसांत त्या बदलाचा जेमतेम पाव हिस्सा अंगात उतरतो. तेरा मायक्रोग्रॅमचा पाव हिस्सा म्हणजे तीन-साडेतीन मायक्रोग्रॅम. मला जो ‘केवढा’ फरक जाणवला तो गोळीचा असणं अवघडच. राग त्या पेपरवर नव्हता, आपण पकडले गेलो याचा होता.

तरीही या पेपरचं जे वाचन दवाखान्यांत होतं, त्याच्याशी माझं भांडण आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आता हे सगळं तुमच्या मनाचं आहे’ असं ऐकून घरी परतलेल्या बायका तुम्हालाही माहीत असतील. असं म्हणायला हा पेपर परवानगी देत नाही. तो एवढंच सांगतो की या पट्ट्यात डोस वरखाली केल्याने सरासरी माणसाची मनःस्थिती बदलत नाही. मनःस्थिती चांगली आहे असं तो कुठेही म्हणत नाही. इंग्लंडमधल्या 2002 च्या सर्वानन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत थायरॉक्सिन घेणाऱ्या आणि टीएसएच नॉर्मल असलेल्या लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचे गुण मानसिक त्रासाच्या प्रश्नावलीत वरच्या बाजूला होते. थायरॉइडचा त्रास नसलेल्यांत हेच प्रमाण साधारण एकचतुर्थांश होतं. म्हणजे त्रास खरा आहे. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की एवढंच कळतं की तो त्रास आणि गोळीचा नेमका आकडा यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही.

शिवाय प्रयोगाची चौकटही बघायला हवी. सर्वात खालचा गट 0.34 पाशी थांबतो. टीएसएच त्याहून खाली दाबलं गेलं, म्हणजे गोळी गरजेपेक्षा जास्त झाली, तर काय होतं हे या प्रयोगात नाही. आणि तिथे तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, घाम फुटणं ही नेहमीची लक्षणं आहेत. एखाद्याला ते हुबेहूब पॅनिकसारखं वाटेल. दुसरं टोकही यात नाही. ज्याचं टीएसएच पन्नास-साठ आहे, त्याला ‘चिंता वेगळी, थायरॉइड वेगळा’ हे सांगणं चूक ठरेल. 1949 मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 14 रुग्णांची हकीकत लिहिली होती. थायरॉइड फार मंदावल्यावर मन किती बिघडू शकतं हे त्यात दिसतं. तिथे आधी गोळी, बाकीचं नंतर. आणि तिसरी अडचण सरासरीची. 138 जणांच्या सरासरीत एखाददुसरी खरोखर संवेदनशील व्यक्ती सहज हरवून जाते. हे मी माझ्या बाजूने म्हणतेय हे मला कळतंय, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

जाता जाता, ‘थायरॉइडमुळे चिंता दुपटीने वाढते’ या मथळ्याबद्दलही. त्याच्या मुळाशी बहुधा 2018 चाच, ‘जामा सायकिअॅट्री’मधला 19 अभ्यास एकत्र करणारा पेपर असतो. त्यात स्वयंप्रतिकारामुळे होणारा थायरॉइडचा आजार आणि चिंताविकार यांच्यातला ऑड्स रेशो 2.32 दिला आहे. संबंध आहे, हे मान्य. पण अस्वस्थ माणूस डॉक्टरांकडे जास्त वेळा जातो, त्याची थायरॉइड तपासणी जास्त वेळा होते, आजार जास्त वेळा सापडतो, हाही एक रस्ता आहे. त्यातून ‘डोस वाढवा, चिंता जाईल’ हे निघत नाही.

मग करायचं काय? अर्धआयुष्याचा हिशेब पुन्हा बघा, कारण मला सगळ्यात जास्त दिलासा त्यानेच दिलाय. काल एक गोळी चुकली तर आज रक्तातली पातळी फार तर दहा टक्के खाली जाते. आज दुपारी अचानक आलेल्या धडधडीचं कारण ती चुकलेली गोळी बहुतेक नसतं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासायचं ते याच हिशेबाने. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी केलेली तपासणी फक्त नवी काळजी विकत घेते. (मी घेतलीय. तीनदा.) केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या काही दिवस आधी बंद करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि मग विनाकारण डोस कापला जातो. कॅल्शियम, लोह आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. सकाळच्या चहा-कॉफीबरोबर गोळी नको, नुसत्या पाण्याबरोबर घ्या.

आणि चिंतेला चिंता म्हणूनच वागवा. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी टीएसएच किती आहे हे विचारत नाही, आणि तिच्यासाठी रिपोर्ट दोनच्या खाली येण्याची वाट बघावी लागत नाही. औषध लागलं तर तेही चालतं, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. उदाहरणार्थ, सर्ट्रालिन सुरू झाल्यावर काहींना थायरॉक्सिन थोडं जास्त लागू शकतं, तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी एकदा टीएसएच बघून घेतलेलं बरं.

मी सध्या परत 75 वर आहे. दर बुधवारी संध्याकाळी समुपदेशक ताईंकडे जाते. रात्री दोनची जाग कमी झालीय, गेलेली नाही. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे, आणि लॅबच्या ॲपचं नोटिफिकेशन मी बंद करून ठेवलंय.